ड्रम सर्कलमधली ४० मिलिसेकंदं

ड्रम सर्कल म्हणजे वर्तुळात बसून सगळ्यांनी मिळून ड्रम वाजवणं. 'ताल रक्तातच असावा लागतो,' असं म्हणून त्यातून अंग काढून घेणारे पुष्कळ भेटतात. खरं तर वर्तुळातल्या कुणाचाच ठोका बिनचूक नसतो. लय टिकते ती दुरुस्तीवर.

मिनिटाला १२० ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंदांचं अंतर. समजा, जेंबेवर (हातांनी वाजवायच्या आफ्रिकी ढोलावर) तुमचा हात शेजाऱ्यापेक्षा ४० मिलिसेकंदं उशिरा पडला. तुम्ही पूर्ण ४० भरून काढलीत आणि तुमच्यासाठी शेजारीही ४० थांबला, तर आता तो मागे, तुम्ही पुढे. फरक तेवढाच, फक्त उलटा! पुढच्या ठोक्याला पुन्हा तेच. दोघांनी निम्मी-निम्मी चूक भरली, की मात्र ठोके जुळतात. म्हणजे थोडी कमी दुरुस्ती हीच चांगली दुरुस्ती. मानसशास्त्रज्ञ ब्रूनो रेप यांच्या, ठोक्यांबरोबर बोटांनी ताल धरायच्या प्रयोगांत तर कानाला जाणवणारही नाही इतका ठोका सरकवला, तरी लोकांची बोटं तो फरक भरून काढत होती. मला हे विलक्षण वाटतं.

मग सर्कल चालवणाऱ्याचं काम काय? दुरुस्तीला पक्का आधार देणं. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना-टोगोमधल्या एवे लोकांच्या वादनात तो आधार गंकोगुई ही लोखंडी जोडघंटा देते. तिचा १२ मात्रांचा प्रसिद्ध ठेका असा: टं – टं – टं टं – टं – टं – टं. यात २-२-१-२-२-२-१ अशी अंतरं आहेत. ती कुठूनही मोजायला घ्या, क्रम दर वेळी वेगळा येतो. त्यामुळे वाट चुकलेल्याला नुसतं ऐकून आपली मात्रा सापडते.

घंटा मधोमध हवी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १० मीटर रुंद वर्तुळात समोरच्याचा ठोका जवळजवळ ३० मिलिसेकंदं उशिरा पोचतो. मधला आवाज सगळ्यांना एकदमच मिळतो. ढोल-ताशा पथकाची रांग ३४ मीटर झाली, तर पुढचा ताशा शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला १०० मिलिसेकंदं लागतात!

'कंपनांनी चक्रं उघडतात' अशा जाहिरातींना काडीचाही पुरावा नाही. एकत्र वाजवण्याचा आनंद खरा आहे, त्याला असल्या टेकूची गरज नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. ठोक्याची चूक आपोआप सुधारते, पण नवी गती पकडायला लक्ष द्यावं लागतं. लय चढवायची असेल, तर नुसतं जलद वाजवू नका. अर्धं वर्तुळ एकमेकांनाच धरून जुन्या गतीत राहील. आधी सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळवा, पावलांनी नवी गती दाखवा, मगच घंटा वाजवा.