गिझर घ्यायच्या आधी करंट बिल काढून बघा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळी सरली की बेळगावात पहाटेचं पाणी बोचायला लागतं आणि आमच्या काउंटरवर रोज तेच ऐकू येतं: "फाइव्ह स्टारवाला दाखवा." त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, "मग बिल किती कमी येईल?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, बॉक्स काढून समोर ठेवला की झालं. दुसऱ्याचं उत्तर गिझरवर जेवढं अवलंबून आहे, त्याहून जास्त तुमच्या घरच्या आंघोळीच्या पद्धतीवर आहे. गर्दीत उभ्या-उभ्या ते नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

ताऱ्यांचा खरा अर्थ

गिझरवरचे तारे पाणी तापवायला किती वीज लागते हे सांगत नाहीत. हे वाचून बरेच जण चमकतात. पण कॉइल कुठलीही असो, तिच्यात गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णताच होते. वीस लिटरची एक बादली वीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यायची तर अर्ध्या युनिटच्या जवळ वीज लागणारच. एक ताऱ्याचा गिझर असो, पाच ताऱ्यांचा असो की बादलीत टाकायचा रॉड असो, त्यात फरक नाही.

तारे सांगतात ते तापलेलं पाणी टाकीत नुसतं उभं असताना किती उष्णता निसटते ते. म्हणजे थर्मास चांगला की साधा, एवढंच. लेबलवर त्याचा आकडाही छापलेला असतो: आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा 45 अंशांनी गरम ठेवलं तर 24 तासांत किती युनिट वाया जातात. समजा एका गिझरवर 0.7 आहे आणि शेजारच्यावर 0.4. फरक दिवसाला 0.3 युनिट, म्हणजे महिन्याला नऊ. पण हे कधी? गिझर रात्रंदिवस चालू ठेवला तर. जो माणूस सकाळी वीस मिनिटं बटण लावतो, आंघोळ करतो आणि बंद करतो, त्याला या फरकातलं फारसं काही मिळत नाही. उलट ज्या घरात सकाळी सहापासून दहापर्यंत एकामागून एक आंघोळी चालतात, म्हातारी माणसं आहेत, तान्हं बाळ आहे, तिथे गिझर दिवसभर चालू राहतो. अशा घरांना आम्ही पाच तारेच घ्या म्हणतो आणि त्यासाठी वरचे पैसे द्यावेत असंही सांगतो.

नियम कसे बदलत आले

2001 मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला, 2002 मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो आला आणि 2006 पासून तारे सुरू झाले. टाकीच्या गिझरला आता हे लेबल सक्तीचं आहे. एका ताऱ्याच्याही खाली जाणारा माल विकता येत नाही. पूर्वी पातळ पत्र्याचे, आत नावापुरता फोम भरलेले जे गिझर स्वस्तात मिळायचे, ते याच नियमाने मागे पडले. चांगलंच झालं.

ताऱ्यांचा तक्ता कायमचा नसतो. ब्युरो तो वेळोवेळी कडक करतं. त्यामुळे जुन्या तक्त्यातल्या पाच ताऱ्यांचा माल नव्या तक्त्यात खाली उतरू शकतो. लेबलवर कालावधी छापलेला असतो, तो वाचा. "फाइव्ह स्टार आहे, पण स्वस्तात देतो" असं कुणी म्हणालं तर आधी तीच ओळ शोधा.

एक आणि तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरवर तारे दिसत नाहीत म्हणून घाबरू नका. ही ताऱ्यांची योजना सहा लिटरपासून पुढच्या टाक्यांसाठी आहे. इन्स्टंटवर आणि रॉडवर आयएसआयची खूण मात्र असलीच पाहिजे. बाजारात बिनखुणेचे रॉड अजून दिसतात. आम्ही ते ठेवत नाही, तुम्हीही घेऊ नका. ओल्या न्हाणीत शंभर-दोनशे रुपयांची बचत जिवावर बेतू शकते.

गृहज्योतीचा हिशेब

आपल्या भागात गिझरचा खरा हिशेब इथे आहे. 2023 पासून कर्नाटकात गृहज्योती, म्हणजे घरगुती वीज फुकट देणारी सरकारी योजना सुरू झाली. "दोनशे युनिट फुकट" असं सगळे म्हणतात, पण प्रत्येक घराचा आकडा वेगळा आहे. 2022-23 या वर्षातला तुमचा महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढाच तुमचा फुकट विजेचा वाटा. (सरासरी 48 युनिटांच्या आत असलेल्या घरांना दहा टक्क्यांऐवजी दहा युनिट जादा मिळतात.) वाट्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. आणि दोनशे ओलांडले तर त्या महिन्याचं पूर्ण बिल तुमच्यावर.

आता गिझर यात बसवून बघा. चार माणसं, प्रत्येकी एक बादली: थंडीत दिवसाला दोन युनिटांच्या आसपास, महिन्याला पंचावन्न ते साठ. ज्या घराची सरासरी 90 होती त्यांचा वाटा 99. गिझर आल्यावर वापर दीडशेच्या घरात गेला, तर वरच्या पन्नासेक युनिटांचे पैसे. हे परवडतं. पण ज्यांचा वापर आधीच 160-170 आहे, त्यांच्यासाठी दोनशेची रेघ अगदी दारात आहे. 199 युनिट आणि 201 युनिट यांच्यात वापराचा फरक दोन युनिटांचा, बिलाचा फरक शेकड्यांचा. अशा घराला आम्ही गिझर विकण्याआधी सोलारचा विचार करा म्हणतो. त्यात आमची एक विक्री लांबते, ते चालेल.

चंदगड, शिनोळीकडून येणाऱ्या ग्राहकांसाठी: तुमचं बिल महावितरणचं. तिथे गृहज्योती नाही, पण शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो. तेव्हा तुमची रेघ शंभरावर आहे असं धरून चाला.

सोलार: कुणाला, कसा

कर्नाटक सरकारने 13 नोव्हेंबर 2007 च्या आदेशाने शहरी हद्दीतल्या 600 चौरस फुटांवरच्या घरांना सोलार वॉटर हीटर सक्तीचा केला. घर बांधत असाल तर स्लॅबच्या वेळीच इंजिनियरशी बोलून घ्या, नंतर भिंती फोडाव्या लागतात. सोलार बसवून वापरणाऱ्या घराला हेस्कॉमच्या (आपल्या भागातल्या वीज कंपनीच्या) दरपत्रकात युनिटमागे 50 पैसे सवलत आहे, महिन्याला जास्तीत जास्त 50 रुपये. बिलात ती ओळ येते का बघा. येत नसेल तर सोलारच्या पावतीसह अर्ज करायचा असतो.

एक गैरसमज रोज दूर करावा लागतो. पीएम सूर्यघरचं अनुदान, 3 किलोवॅटला 78,000 रुपये वगैरे, ते छतावर वीज बनवणाऱ्या पॅनेलला आहे. पाणी तापवणाऱ्या सोलारला केंद्राचं अनुदान पूर्वी होतं, आता नाही. कुणी तसं सांगून आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका.

सोलारचं यश पंपात नाही, उंचीत आहे. साध्या सोलारमध्ये पाणी आपोआप फिरतं, म्हणून थंड पाण्याची टाकी सोलारच्या गरम टाकीपेक्षा वर हवी. ती खाली असली तर गरम टाकी पूर्ण भरतच नाही. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, त्यावर नारळाची किंवा शेजारच्या नव्या मजल्याची सावली नको. गरम पाण्याचा पाइप सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा) आणि वरून फोम गुंडाळलेला असावा. तीस फूट लांब पाऊण इंची पाइपात अडीच लिटर पाणी अडकून राहतं. ते रोज सकाळी थंड होऊन वाहून जातं, आणि "सोलारला गरम पाणी येत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच निघते.

आणि पाऊस. अथणी, चिकोडीकडे पावसाळ्यातही ऊन डोकावतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जूनपासून महिनोन् महिने सूर्य दिसत नाही. तिथे टाकीत बॅकअप कॉइल लागतेच. गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या आमच्या एका ग्राहकाची ती कॉइल महिनाभर चालूच राहिली. शंभर लिटर पाणी अहोरात्र तापत होतं आणि बिलाने दोनशेची रेघ ओलांडली. चूक आमची होती. बटण कुठे आहे ते दाखवलं होतं, कधी बंद करायचं ते सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही कॉइलच्या स्विचला टायमर लावूनच देतो. पहाटे तासभर पुरतं.

किती लिटरचा?

साठ अंशांवर तापलेल्या पंधरा लिटरमध्ये थंड पाणी मिसळलं की आंघोळीचं तीस लिटर होतं, म्हणजे दीड बादली. पंचवीस लिटरमध्ये अडीच. दोन माणसांना पंधरा पुरतो, चौघांना पंचवीस किंवा मध्ये वीस मिनिटांचा धीर. मोठा गिझर घेऊन अर्धाच वापरणं हा सगळ्यात महाग पर्याय.

बोअरचं पाणी असेल, विशेषतः काळ्या मातीच्या भागात, तर टाकीत क्षार बसतात, कॉइल जाड पांढऱ्या थराखाली जळते. टाकीतली मॅग्नेशियमची कांडी दोन वर्षांत एकदा बघून घ्या. ती झिजलेली दिसली तर समजा तिने टाकी वाचवली. नवीन घाला.

गॅस गिझर आम्ही विकतो, पण बाथरूमच्या आत बसवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. बंद खोलीत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही.

हीट पंप

काही ग्राहकांची मुलं अमेरिकेत आहेत, ती फोनवर विचारतात, "तिकडे हीट पंप मिळतो का?" तिथल्या ऊर्जा खात्याने 2024 मध्ये केलेल्या नियमाप्रमाणे 2029 पासून नेहमीच्या आकाराचे बहुतेक नवे विजेचे टाकी-गिझर हीट पंपाचे असायला हवेत. हे यंत्र फ्रिजच्या उलट चालतं: बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतं, म्हणून एका युनिटमध्ये साधारण तिपटीचं काम होतं. आपल्याकडे तशी सक्ती नाही. बेळगावची हवा त्याला मानवते, पण किंमत अजून साध्या गिझरच्या कित्येक पट आहे. चार माणसांच्या घराला आम्ही आज तो सुचवत नाही. लॉज, हॉस्टेल, मोठं एकत्र कुटुंब असेल तर बोलूया.

येताना गेल्या तीन-चार महिन्यांची बिलं घेऊन या. ती कन्नडमध्ये असली तरी काळजी नको, सरासरी वापर आणि गृहज्योतीचा वाटा कुठे लिहिलाय ते आम्ही बोट ठेवून दाखवू. गच्चीचा फोटो काढून आणा, टाकी आणि सावली दिसेल असा, दुपारी दोनच्या सुमाराचा. आणि घरात कोण किती वाजता आंघोळ करतं ते वहिनींना विचारून या. तो हिशेब त्यांनाच ठाऊक असतो.