नॅनोकण मीठ गाळत नाहीत
नॅनोकण घातलेला पडदा मीठ गाळून काढतो, हा समज अजून फिरतोच आहे. मेम्ब्रेन डिस्टिलेशनमध्ये (खाऱ्या पाण्याची वाफ पडद्यातून पलीकडे नेऊन गोडं पाणी मिळवायची पद्धत) पडद्याची छिद्रं साधारण 0.1 ते 0.5 मायक्रॉनची असतात. मिठाचे आयन त्याहून शेकडो पटींनी लहान, सहज निसटतील. मीठ अडतं ते पडदा द्रवरूप पाण्याला आत शिरू देत नाही म्हणून. 50 ते 80 अंश सेल्सिअस तापलेल्या खाऱ्या पाण्याची फक्त वाफ थंड बाजूला जाते. नॅनोकण हा जलरोधकपणाच वाढवतात (सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचे, नुसते कण उलट पाणी ओढतात, त्यांच्यावर जलरोधक लेप हवाच). कण जास्त झाले की गुठळ्या होतात, पडदा सदोष होतो. खरा शत्रू साबण: पृष्ठताण उतरला की छिद्रं भिजतात, खारं पाणी थेट आरपार. गोड्या पाण्याची विद्युतवाहकता चढू लागली, म्हणजे त्यात मीठ येऊ लागलं, तर दाब वाढवू नका. पडदा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.