शून्याखालचं पाणी आणि कानाची थाप

मे महिन्यात विकतच्या पाण्याची बाटली घाईघाईनं फ्रीझरमध्ये टाकली आणि मग विसरलो. दोन-अडीच तासांनी आठवण झाली, काढून बघतो तर पाणी अजून पाणीच. वैतागून ओट्यावर जरा आपटली आणि डोळ्यांदेखत सगळ्या बाटलीचा भुसभुशीत पांढरा बर्फ झाला. पाणी शून्याच्या खाली केव्हाच गेलं होतं, फक्त गोठायला सुरुवात कुठून करायची ते त्याला सापडत नव्हतं. बर्फाचा पहिला स्फटिक धरायला धुळीचा कण, एखादा ओरखडा, निदान धक्का तरी लागतो. शुद्ध पाण्याच्या बाटलीत यातलं फारसं काही नसतं.

ढगातही नसतं. पावसाळ्यात आपल्याकडे साधारण पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्याला येतं. त्याच्या वरच्या ढगात उणे दहा, उणे पंधरा अंशांनाही पाण्याचे बारीक थेंब द्रवरूपातच तरंगत असतात. अगदी उणे चाळीसच्या आसपास पोचेपर्यंत काही थेंब तग धरतात. अशा ढगात विमान शिरतं, तेव्हा ओट्यावरचा तो धक्का म्हणजे विमानच असतं. थेंब पंखाच्या पुढच्या कडेवर आदळतो आणि तिथंच गोठतो.

थेंब लहान असले तर आदळल्याआदळल्या गोठतात. मध्ये हवा अडकून राहते आणि जुन्या फ्रीजच्या भिंतीवर जमतो तसा पांढरा, खडबडीत थर चढतो. हा निदान दिसतो तरी. मोठे थेंब मात्र गोठता गोठता पंखावरून मागे ओघळतात आणि काचेसारखा पारदर्शक, जड बर्फ तयार होतो. वैमानिकाला धास्ती वाटते ती या दुसऱ्याची.

बर्फाच्या वजनानं विमान पडतं, असा पुष्कळांचा समज असतो. वजन वाढतं हे खरं, पण मुख्य घात होतो तो आकाराचा. पंखाच्या गुळगुळीत बाकावरून हवा चिकटून वाहते म्हणून विमान उचललं जातं. जाड पॉलिश पेपरइतका खरखरीतपणा जरी पंखावर आला, तरी ही उचल 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा विरोध 40 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

यावर उपाय आहेत. जेट विमानं इंजिनातली गरम हवा पंखाच्या कडेतून खेळवतात. पंख्याच्या लहान विमानांच्या कडेला रबरी पट्ट्या असतात. त्या फुगवल्या की वरचा बर्फ तडकून उडून जातो. पण तो कडेवर असेल तरच. 31 ऑक्टोबर 1994 रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रोझलॉनजवळ एक एटीआर-72 विमान उतरायची पाळी येईपर्यंत ढगात घिरट्या घालत होतं. तिथले थेंब नेहमीपेक्षा बरेच मोठे होते. ते पट्ट्यांच्या मागे ओघळले आणि पट्ट्या पोचत नाहीत तिथं बर्फाचा वरंबा झाला. त्यानं पंखावरची हवा विस्कटली, विमान अचानक कुशीवर वळलं आणि कोसळलं. 68 जण गेले.

न्यूअर्क किंवा टोरांटोहून जानेवारीत निघालेल्यांनी खिडकीतून पाहिलं असेल, उड्डाणाआधी एक गाडी येते आणि पंखांवर बर्फ वितळवणाऱ्या गरम ग्लायकॉलचा फवारा मारते. त्याचा परिणाम ठरावीक वेळच टिकतो. 13 जानेवारी 1982 रोजी वॉशिंग्टनला बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाचं बोइंग 737 असा फवारा मारून घेतल्यावर पाऊण तासाहून अधिक वेळ रांगेत थांबलं. शिवाय इंजिनातलं बर्फरोधक तापवणीचं बटण बंदच राहिलं होतं.

आता या बटणाची गंमत पाहा. इंजिन किती जोर लावतंय हे एक काटा दाखवतो. इंजिनाच्या तोंडाशी असलेला हवेचा दाब आणि मागून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब यांचं गुणोत्तर काढून तो चालतो. तोंडाशी असलेली दाब मोजणारी नळी बर्फानं बुजली. तिथला दाब कमी दिसू लागला, म्हणजे गुणोत्तर आपोआप फुगलं. काटा पूर्ण जोर दाखवत होता, प्रत्यक्षात इंजिनं बरीच कमी ताकदीनं चालत होती. धावपट्टीवर वेग घेताना को-पायलटला हे खटकलं, तो पुन्हा पुन्हा बोलूनही दाखवत होता. शेजारचे दुसरे काटे खरंच सांगत होते. तरी उड्डाण थांबवलं गेलं नाही. विमान जेमतेम उठलं, पुलावर आपटलं आणि गोठलेल्या पोटोमॅक नदीत गेलं. विमानातल्या 79 जणांपैकी पाच वाचले. पुलावरचेही चौघे दगावले.

1 जून 2009 रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या विमानातही एक नळीच बुजली होती, वेग मोजणारी पिटो ट्यूब, आणि तीही बर्फाच्या स्फटिकांनी. अडथळा एक मिनिटही टिकला नाही, पण ऑटोपायलट सुटला आणि पुढच्या गोंधळात 228 माणसं गेली.

बर्फ यंत्राला खोटं बोलायला लावतो. धुकं, ढग आणि अंधार हेच काम माणसाच्या कानाकडून करून घेतात. तोल सांभाळणारं यंत्र आपल्या अंतर्कर्णात आहे, द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. डोकं वळलं की नळी फिरते, आतला द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळणं कळतं. फुगडी घालून थांबल्यावर अंगण फिरत राहतं ते याचमुळे. आपण थांबतो, द्रव थांबत नाही. विमानात याच्या उलटही होतं. एकाच गतीनं वळत राहिलं तर वीसेक सेकंदांत द्रवही नळीच्या गतीला येतो आणि कान सांगतो, आपण सरळ चाललोय. क्षितिज दिसत असेल तर डोळे कानाला गप्प बसवतात. ते दिसेनासं झालं की कानाचं राज्य सुरू.

1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडायचं शिक्षण न मिळालेल्या 20 जणांना बाहेरचं काही दिसणार नाही असं करून विमान चालवायला दिलं. विसाच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. कप चहा उकळायलाही याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून वैमानिकाला शिकवतात की शरीराचं ऐकू नकोस, उपकरण पाहा. पण उपकरणच बिघडलं तर? 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग 747 सांताक्रूझहून दुबईला निघालं. पश्चिमेकडे झेप घेतली की मुंबईचे दिवे मागे पडतात आणि पुढे नुसता काळा समुद्र आणि काळं आकाश. धुकं नसलं तरी क्षितिज नाहीच. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण, उजवीकडच्या कलावर अडकलं. सरळ झालेलं विमान त्याला अजून उजवीकडे कललेलंच दिसत होतं, म्हणून तो डावीकडे वळवत गेला. शेजारच्या आसनासमोर तेच उपकरण शाबूत होतं, मध्ये तिसरंही होतं. फ्लाइट इंजिनिअरच्या ते ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. 213 जणांपैकी कुणीही वाचलं नाही.

धुक्यावर मात्र यंत्रांनी बरीच मात केली आहे. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जमीन उष्णता सोडून गार पडते, तिच्यालगतची दमट हवा तिथंच धुक्यात बदलते आणि धावपट्टीवर पुढचे दिवेही दिसत नाहीत. तरी 50 मीटर दृश्यमानतेत तिथं विमानं उतरतात. जमिनीवरून येणारे रेडिओ संकेत पकडून ऑटोपायलट विमान थेट धावपट्टीच्या मध्यरेषेवर टेकवतो. त्यासाठी विमानात तशी यंत्रणा आणि वैमानिकांकडे तसं प्रशिक्षण, दोन्ही लागतं.

गंमत म्हणजे उड्डाणाला तिथं साधारण 125 मीटर लागतात. उतरताना विमान रेषेवर ठेवायचं काम ऑटोपायलट करतो. उडताना मात्र वैमानिकालाच समोरची मध्यरेषा डोळ्यांनी पाहून विमान सरळ पळवायचं असतं आणि काही बिनसलं तर जागच्या जागी थांबवायचंही असतं. जानेवारीतल्या पहाटे दिल्लीत अडकून पडलात आणि समोर विमानं उतरताना दिसत असूनही तुमचं सुटत नसेल, तर काउंटरवरच्या मुलीवर चिडू नका. कॅप्टन त्या उरलेल्या 75 मीटरची वाट पाहतोय.