नेटवर्क स्टोरेजवरून सर्व्हर बूट करणे

सर्व्हरमध्ये स्वतःची डिस्क न बसवता, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यातून उचलून तो सुरू करण्याची पद्धत. नेटवर्क बूट, डिस्कलेस बूट किंवा साठा ब्लॉक स्वरूपाचा (कोऱ्या डिस्कसारखा) असेल तर सॅन बूट अशा नावांनी ती ओळखली जाते. शंभर सर्व्हरमधल्या शंभर डिस्क सांभाळण्यापेक्षा एकच मोठा साठा सांभाळावा, सर्व्हर बिघडला की त्याची ओळख दुसऱ्या यंत्राला देऊन काम पुढे चालू ठेवावे, हा यामागचा हिशेब. कल्पना जुनी आहे. सन मायक्रोसिस्टम्सची डिस्क नसलेली वर्कस्टेशन १९८० च्या दशकातच आपली फाइलसिस्टीम एनएफएसवरून (नेटवर्कवर फाइल वाटून देण्याच्या पद्धतीने) घेत होती. सुरू होणाऱ्या यंत्राला नेटवर्क पत्ता आणि बूट फाइल सांगणारा बूटपी हा प्रोटोकॉल १९८५ मध्ये आला. आजच्या बहुतेक सर्व्हरच्या नेटवर्क कार्डात असलेल्या इंटेलच्या पीएक्सई या नेटवर्क बूटच्या मानकाची २.१ ही आवृत्ती १९९९ ची आहे.

विजेचे बटण दाबल्यावर कार्डातला पीएक्सई प्रोग्राम डीएचसीपीकडे (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे) आयपी पत्ता मागतो. पत्त्याबरोबरच बूट फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे आणि तिचे नाव काय, हेही कळते. ती फाइल टीएफटीपी या साध्या फाइल-वाहतूक प्रोटोकॉलने उतरवली जाते. ती फाइल म्हणजे बूटलोडर. तो पुढे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरती मेमरीत राहणारी छोटी फाइलसिस्टीम) आणतो, कर्नल जागा होतो आणि खरी रूट फाइलसिस्टीम (जिच्यात सगळी सिस्टीम असते ती) जोडतो. एकाच बूटमध्ये नेटवर्क दोनतीनदा नव्याने उभे राहते: आधी फर्मवेअरमध्ये (यंत्रात कायम बसवलेल्या प्रोग्राममध्ये), मग बूटलोडरमध्ये, शेवटी कर्नलमध्ये. प्रत्येक जण आधीच्याने उभारलेली जोडणी मोडून स्वतःची उभी करतो. या पद्धतीच्या बहुतेक मर्यादांचे मूळ या हातबदलात आहे.

येथे नॅस आणि सॅन या नेटवर्क साठ्याच्या दोन प्रकारांतला फरक महत्त्वाचा ठरतो. नॅस फाइल देतो, तर सॅन नुसते ब्लॉक, म्हणजे कोरी डिस्क देतो. फर्मवेअरला डिस्क कळते. एनएफएस किंवा एसएमबी (विंडोजची फाइल वाटण्याची पद्धत) शेअर म्हणजे काय, हे त्याला सहसा कळत नाही. त्यामुळे ‘नॅसवरून बूट’ म्हणतात तेव्हा कर्नल वेगळ्या वाटेने येतो आणि एनएफएसवर फक्त रूट असते. लिनक्सला हे चालते. विंडोजला सिस्टीम ड्राइव्ह ब्लॉक स्वरूपातच लागतो. तो एसएमबी शेअरवर ठेवता येत नाही. म्हणून तिथे नेटवर्कवरून ब्लॉक देणारे आयस्कझी किंवा फायबर चॅनल हाच मार्ग. अनेक नॅस पेट्या आयस्कझी लनही (सर्व्हरला डिस्क म्हणून दिसणारा साठ्याचा भाग) देतात, तेव्हा एकाच पेटीत दोन्ही सोयी मिळतात आणि शब्दांचा गोंधळ वाढतो. आयस्कझीमध्ये फर्मवेअर टार्गेटचा (साठ्याचा) पत्ता आणि इनिशिएटरचे (सर्व्हरचे) नाव मेमरीतल्या एका ठरावीक तक्त्यात लिहून ठेवते. कर्नल तो वाचून तीच डिस्क पुन्हा जोडतो. इनिटरॅमएफएसमध्ये त्या कार्डाचा ड्रायव्हर नसेल, तर कर्नल व्यवस्थित चढतो आणि रूट सापडत नाही म्हणून थांबतो. डिस्क असते, केबल असते, दिवेही लुकलुकत असतात.

टीएफटीपी हा या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा. तो मुळात ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवून पोच येईपर्यंत थांबतो. जाऊन येण्यास १ मिलिसेकंद लागत असेल, तर सेकंदाला जेमतेम अर्धा मेगाबाइट सरकतो, म्हणजे ३० मेगाबाइटच्या इनिटरॅमएफएसला सुमारे एक मिनिट. तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने क्रमांक पुन्हा पहिल्यापासून मोजण्याची सोय नसेल, तर साधारण ३२ मेगाबाइटपुढची फाइल येतच नाही. तुकड्याचा आकार वाढवण्याची सवलत १९९५ मध्ये मिळाली. आता आयपीएक्सई (मुक्त नेटवर्क बूटलोडर) किंवा युईएफआयच्या (आधुनिक फर्मवेअरच्या) एचटीटीपी बूटने हा त्रास टाळता येतो.

स्विचपाशीही माशी शिंकते. जुन्या स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधली वर्तुळे टाळणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) पोर्ट खुले व्हायला ३० सेकंद लागतात. तोवर अनेक कार्डांचा धीर सुटतो आणि डीएचसीपी मिळत नसल्याची तक्रार दिसते. सर्व्हरच्या पोर्टवर ही वाट पाहणे बंद करणे हा उपाय. एलएसीपीने दोन केबल एकत्र बांधलेल्या असतील, तर फर्मवेअरला ती बांधणी सहसा कळत नाही. व्हीलॅन टॅगचेही (एकाच केबलवरची वेगवेगळी नेटवर्क ओळखणाऱ्या खुणांचेही) बहुधा तसेच, म्हणून बूटचे नेटवर्क टॅगविना ठेवण्याची पद्धत आहे.

चालू झाल्यानंतरचे प्रश्न निराळे. साठ्याशी संपर्क तुटला तर एनएफएसच्या हार्ड माउंटवरचे (उत्तर येईपर्यंत प्रयत्न करत राहणाऱ्या जोडणीवरचे) प्रोग्राम मरत नाहीत, वाट पाहत लटकतात. बाहेरून सर्व्हर पिंगला उत्तर देतो, पण लॉगिन होत नाही. आयस्कझीवर ठरावीक मुदत टळली की डिस्क चूक परतवते आणि एक्स्ट४ ही लिनक्सची फाइलसिस्टीम बऱ्याचदा रीड-ओन्ली होते. लिनक्सच्या ओपन-आयस्कझी या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत एरवी १२० सेकंद असते. रूटसाठी ती खूप वाढवून ठेवावी लागते. नेटवर्क सेवा रिस्टार्ट करणे हा एरवी निरुपद्रवी आदेश, पण इथे बसल्या फांदीवरच कुऱ्हाड. कर्नलने स्वतः डीएचसीपीने घेतलेल्या पत्त्याची लीज (वापराची मुदत) तो पुढे वाढवत नाही, हेही विसरू नये. विंडोजमध्ये बूटच्या कार्डावर एखाद्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा फिल्टर ड्रायव्हर बसला, तर पुढच्या रिस्टार्टला बूट डिस्क सापडत नसल्याची निळी स्क्रीन येऊ शकते. क्रॅश डंप (सिस्टीम कोसळताना घेतलेली मेमरीची प्रत) लिहायला त्या क्षणी नेटवर्क जिवंत असेलच असेही नाही.

एकच लन चुकून दोन सर्व्हरना दिला, तर साधी फाइलसिस्टीम दोघांच्या लिहिण्यात उद्ध्वस्त होते. एनएफएसवर एकच रूट अनेकांना द्यायचे तर ते रीड-ओन्ली ठेवून वर रॅममधला लिहिता येणारा थर घालतात. असे थर रचणाऱ्या ओव्हरलेएफएसचा हा वरचा थर एनएफएसवर ठेवता येत नाही.

वीज गेल्यानंतर सगळे एकदम सुरू होतात तेव्हा साठ्याची खरी परीक्षा होते. १०० सर्व्हरनी प्रत्येकी ३०० मेगाबाइट वाचले, तर १ गिगाबिटच्या वाटेने ते यायला आदर्श स्थितीतही ४ मिनिटे लागतात. याला बूट स्टॉर्म म्हणतात. डीएचसीपी सर्व्हरच त्याच साठ्यावरून बूट होणारा असेल, तर मात्र कितीही थांबून उपयोग नाही.

सुरक्षेच्या बाजूने पीएक्सई आणि टीएफटीपी दोन्ही भोळे आहेत: जो आधी उत्तर देईल त्याच्यावर विश्वास. आयस्कझीत चॅप या ओळख पडताळणीचा पासवर्ड लावता येतो, पण डेटा उघडाच वाहतो. म्हणून बूटचे नेटवर्क वेगळे ठेवतात. मोठ्या संगणक समूहांत अनेकदा सिस्टीमची सगळी प्रतिमाच रॅममध्ये उतरवून साठ्याशी जोडणी तोडतात. रॅम खर्ची पडते आणि प्रत्येक बदलासाठी पुन्हा बूट करावे लागते, मात्र साठा दुरुस्तीसाठी बंद केला तरी चालू सर्व्हरच्या सिस्टीमला त्याची झळ लागत नाही.