पेरॉन, ह्वान दोमिंगो

(८ ऑक्टोबर १८९५ – १ जुलै १९७४). आर्जेंटिनाचा लष्करी अधिकारी, तीन वेळा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष व पेरॉनवाद या राजकीय चळवळीचा प्रणेता. अधिकृत नोंदीप्रमाणे त्याचा जन्म ब्वेनस आयरिस प्रांतातील लोबोस येथे झाला. तारीख व स्थळ या दोहोंविषयी मतभेद आहेत. इपोलितो बारेइरो या लेखकाच्या मते पेरॉन ७ ऑक्टोबर १८९३ रोजी जवळच्या रोके पेरेस येथे जन्मला आणि त्याची नोंद लोबोसला दोन वर्षांनी झाली. वडील मारिओ तोमास पेरॉन व आई ह्वाना सोसा यांचा विवाह १९०१ मध्ये, म्हणजे मुलांच्या जन्मानंतर झाला. त्यामुळे उशिरा झालेल्या नोंदीची शक्यता अगदीच टाकाऊ नाही. आईकडून मूलनिवासी तेवेल्चे वंशाचा वारसा असल्याचेही सांगितले जाते. दोन्ही गावांनी त्याचे जन्मघर म्हणून आपापली वास्तू जपली आहे. लेखी पुरावा लोबोसच्या बाजूने असल्याने येथे तीच तारीख घेतली आहे.

१९११ मध्ये तो लष्करी विद्यालयात दाखल झाला. १९३९–४१ या काळात तो इटलीत लष्करी कामगिरीवर होता. ४ जून १९४३ च्या लष्करी उठावानंतर त्याने मागून घेतलेले कामगार खाते तोपर्यंत दुय्यम मानले जाई. भरपगारी रजा, निवृत्तिवेतन, शेतमजुरांसाठी १९४४ चा कायदा आणि वर्षाअखेर तेराव्या महिन्याचे वेतन अशा तरतुदींमुळे कामगार संघटना त्याच्याशी जोडल्या गेल्या. सान ह्वानच्या भूकंपग्रस्तांसाठी जानेवारी १९४४ मध्ये भरलेल्या मदतमेळाव्यात त्याची अभिनेत्री एव्हा दुआर्ते हिच्याशी ओळख झाली.

त्याचा वाढता प्रभाव सहन न होऊन लष्करातील विरोधकांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये त्याला राजीनामा द्यायला लावून मार्तीन गार्सिया बेटावर ठेवले. कामगार महासंघाने १८ तारखेला संप पुकारला होता; परंतु आदल्या दिवशीच, १७ ऑक्टोबरला, बेरिसो व आवेयानेदा भागांतील मांसकारखान्यांचे मजूर राजधानीकडे निघाले. रियाच्वेलो नदीवरील पूल उचलून धरले, तेव्हा अनेकांनी होड्यांतून पैलतीर गाठला. दिवसभर चालून आलेल्यांनी प्लासा दे मायो चौकातील कारंज्यात पाय सोडले. रात्री पेरॉनला सोडून सरकारी वाड्याच्या सज्जात आणावे लागले.

हा जमाव कोणाचा, हा पेरॉनवादाच्या अभ्यासातील मूळ प्रश्न. जिनो जेरमानी या समाजशास्त्रज्ञाच्या मते तो खेड्यांतून नुकताच शहरात आलेल्या, संघटनेचा अनुभव नसलेल्या मजुरांचा होता आणि म्हणूनच एका नेत्यामागे सहज गेला. मिगेल मुर्मिस व ह्वान कार्लोस पोर्तांतिएरो या अभ्यासकांनी १९७१ मध्ये जुन्या, मुरलेल्या संघटनांचा यात मोठा वाटा असल्याचे दाखविले. ह्वान कार्लोस तोरे यानेही जुन्या पुढाऱ्यांच्या हिशेबी निर्णयांवर भर दिला. मांसकामगारांचा सिप्रिआनो रेयेस यासारख्या पुढाऱ्यांची पूर्वतयारी पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कामगारांनी येथे आपले हित ओळखून कृती केली. त्यांना केवळ भुललेली गर्दी मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकी मुत्सद्दी स्प्रुइल ब्रेडन याचा उघड विरोध असतानाही पेरॉन निवडून आला. १९४७ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला, १९४८ मध्ये ब्रिटिश मालकीचे लोहमार्ग राष्ट्राच्या मालकीचे झाले. याच राजवटीत सर्वोच्च न्यायालयातील बहुतेक न्यायाधीश महाभियोगाने दूर झाले आणि १९५१ मध्ये ला प्रेन्सा हे वृत्तपत्र मालकांकडून काढून घेतले गेले. १९५१–५२ च्या अवर्षणानंतर गहू निर्यात करणाऱ्या या देशात भरड धान्य मिसळलेला काळसर पाव खाण्याची वेळ आली. २६ जुलै १९५२ रोजी त्याची पत्नी झालेली एव्हा कर्करोगाने वारली. पुढे चर्चशी तंटा विकोपाला गेला. १६ जून १९५५ रोजी नौदलाच्या विमानांनी प्लासा दे मायोवर बाँब टाकून तीनशेहून अधिक लोक मारले. सप्टेंबरच्या उठावाने पेरॉनला पदच्युत केले. पॅराग्वाय, पनामा, व्हेनेझुएला, डॉमिनिकन प्रजासत्ताक व अखेर माद्रिद असा त्याचा वनवास सुमारे अठरा वर्षे चालला.

मार्च १९५६ च्या ४१६१ क्रमांकाच्या हुकुमाने त्याचे नाव, छायाचित्र, पक्षाचे गीत, एवढेच नव्हे तर ‘पेरॉनवाद’ हा शब्दही निषिद्ध ठरला. शिक्षा तीस दिवसांपासून सहा वर्षांपर्यंत कैदेची. वर्तमानपत्रे ‘फरारी जुलमी’ असा उल्लेख करून वेळ निभावत. एव्हाचा जतन केलेला देह दुसऱ्याच नावाने मिलानमध्ये पुरण्यात आला व १९७१ मध्ये पेरॉनच्या स्वाधीन झाला. बंदीने कामगार वस्त्यांतील त्याची आठवण पुसली गेली नाही, उलट ती निष्ठेची खूण बनली.

२० जून १९७३ रोजी तो कायमचा परतला, त्या दिवशी एसेइसा विमानतळाजवळ त्याच्याच उजव्या व डाव्या अनुयायांत गोळीबार झाला. सप्टेंबरमध्ये सुमारे ६२ टक्के मतांनी तो पुन्हा निवडून आला. १ जुलै १९७४ रोजी पदावर असतानाच त्याचे निधन झाले आणि उपाध्यक्ष असलेली तिसरी पत्नी इसाबेल राष्ट्राध्यक्ष झाली.

१९८७ मध्ये चाकारिता दफनभूमीतील त्याच्या शवाचे हात कापून नेण्यात आले. ते पुन्हा सापडले नाहीत. २००६ मध्ये, १७ ऑक्टोबरलाच, शवपेटी सान व्हिसेंते येथे हलविताना अनुयायी संघटनांत हाणामारी झाली. १९९० च्या दशकात सरकारी उद्योग विकणारा कार्लोस मेनेम व त्या धोरणाविरुद्ध गेलेले नेस्तोर आणि क्रिस्तिना किर्चनेर हे सर्व त्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष होते.