लेडीज डबा झाला, पुढे काय?

लोकलच्या लेडीज डब्याचं मूळ बरंच जुनं आहे. १८९० च्या रेल्वे कायद्याने १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखायला लावला. गाडी पन्नास मैलांपलीकडे जाणार असेल, तर त्यात शौचकूपही हवा. (स्टेशनवर स्वच्छतागृह शोधत फिरताना मला हे कलम हटकून आठवतं.) १९८९ च्या नव्या कायद्यातही राखीव कप्पा राहिला. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट–बोरिवली अशी अख्खी गाडीच 'लेडीज स्पेशल' केली.

शंभर वर्षं विचार झाला तो बायकांनी कुठे बसायचं याचा. त्यांना जायचंय कुठे, हे विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळच्या परतीच्या लेडीज डब्यात बघा. मांडीवर पिशवी, हातात मटाराच्या शेंगा, सालं वेगळ्या पिशवीत. स्टेशन येईपर्यंत भाजीची तयारी झालेली असते. उतरल्यावरही ही बाई थेट घरी जात नाही: पाळणाघर, किराणा, सासूबाईंच्या गोळ्या, मग घर. तिच्या घरच्या पुरुषाची वाट बहुधा घर-ऑफिस-घर अशी सरळ, आणि वेळापत्रकं, जादा गाड्या आखल्या जातात त्या याच वाटेवर.

याला मोजणीचाही हातभार आहे. २०११ च्या जनगणनेतली कामावर जाण्याच्या अंतराची आणि साधनांची आकडेवारी शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपुरती आहे. पोराला शाळेत सोडणं, रेशन आणणं तिथे प्रवासात धरलेलंच नाही.

अलीकडे सवलती आल्या. दिल्लीत ऑक्टोबर २०१९ पासून बायकांना बस फुकट झाली, आपल्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. खेड्यातून तालुक्याला जाणारीला याचा मोठाच आधार आहे. पण बस दुपारी नसेलच, तर अर्धं तिकीट घेऊन बसायचं कशात?

शहरात तर तुकड्यातुकड्यांनी प्रवास करणारीला खरा फटका किमान भाड्याचा बसतो. बेस्टने जुलै २०१९ मध्ये साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवर आणलं, तेव्हा पाळणाघर, बाजार, घर हे तीन टप्पे पंधरा रुपयांत व्हायचे. मे २०२५ मध्ये ते १० झालं. पास नसेल तर त्याच तीन टप्प्यांना आता तीस.