ड्रॅग अँड ड्रॉप चाचणी

डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये माउसने उचललेली गोष्ट दुसरीकडे टाकल्यावर तिची माहिती योग्य जागी, पूर्ण आणि एकदाच पोचते का, हे तपासणारी चाचणी. क्यूटी, जीटीके अशा टूलकिटमध्ये (खिडक्या, बटणे, याद्या बनवण्याच्या तयार साधनसंचांत) बटणाच्या क्लिकची चाचणी सोपी असते. ओढून टाकण्याची क्रिया मात्र प्रोग्रॅमच्या हातातून निघून काही काळ ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानासाठी क्यूटीत प्रोग्रॅम केला आहे, असे धरू. डावीकडे आलेल्या मालाची यादी, उजवीकडे खरेदीदार. सौदा ठरला की राजापुरी हळदीच्या ४० पोत्यांची ओळ खरेदीदाराच्या नावावर ओढायची. नुसते माउसचे बटण दाबून ओढणे सुरू होत नाही. प्लॅटफॉर्मने वेगळे ठरवले नसेल तर माउस १० पिक्सेल सरकावा लागतो. चाचणीत हे अंतर विसरले तर काहीच हलत नाही.

पुढे क्यूड्रॅग या ओढण्याची क्रिया चालवणाऱ्या क्यूटीच्या भागाचे 'एक्झेक' फंक्शन वस्तू सोडेपर्यंत परतत नाही, म्हणून चाचणीची पुढची ओळ चालत नाही. सोडण्याची सूचना आधीच टायमरला देऊन ठेवणे हा एक उपाय. विंडोजवर तोही भरवशाचा नाही: तिथे ओढणे सिस्टिमच्या ओएलई (प्रोग्रॅममध्ये माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या) यंत्रणेकडे असते आणि क्यूटीच्या आत तयार केलेली माउसची हालचाल तिला दिसत नाही. त्यामुळे बहुतेक जण क्यूमाइमडेटा, म्हणजे ओढलेल्या गोष्टीची माहिती नेणारे पाकीट, स्वतः भरून 'ड्रॅग एंटर' (ओढलेली गोष्ट आत आली) आणि 'ड्रॉप' (ती सोडली) हे इव्हेंट, म्हणजे सूचना, थेट खरेदीदारांच्या यादीकडे पाठवतात. याने घेणारी बाजू तपासली जाते. देणारी बाजू तशीच राहते.

आणि खरा धोका देणाऱ्या बाजूला आहे. कृती 'मूव्ह' (नक्कल न करता हलवणे) असेल तर ड्रॉप यशस्वी झाल्याचे कळताच क्यूटीची यादी मूळ ओळ काढून टाकते. मॉडेलच्या (यादीमागची माहिती सांभाळणाऱ्या भागाच्या) 'ड्रॉपमाइमडेटा' या टाकलेली माहिती स्वीकारणाऱ्या फंक्शनने नोंद न करताच होकार दिला, तर ४० पोती दोन्ही याद्यांतून गायब, आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, तेवढ्याने कमी. म्हणून दोन्ही बाजूंच्या पोत्यांची बेरीज आधी आणि नंतर जुळवणारी चाचणी सर्वांत आधी लिहावी. तिला माउस लागत नाही, मॉडेल पुरते.

लिनक्सवर पडदा आणि माउस सांभाळणारी एक्स११ ही यंत्रणा असेल तर एक्सव्हीएफबी या आभासी पडद्यावर संपूर्ण क्रिया चालवता येते. तिच्याऐवजी येणाऱ्या नव्या वेलँडमध्ये सामान्य प्रोग्रॅमला माउसचा बाण मनाप्रमाणे हलवता येत नाही. नाकारलेला ड्रॉप आणि मध्येच दाबलेले एस्केप यांच्याही चाचण्या हव्यात. दोन्हींत मूळ ओळ जागेवरच राहायला हवी.